बाबांच्या लाल गाडीचा गंज

६ डिसें., शनि.
पंक्चर होतं म्हणून जॅक लावला, तर गाडी वर जायच्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. दाराखाली, डाव्या बाजूला. मूठभर तांबडा भुगा खाली. बाबा बाल्कनीतून: "लागला का गं?" म्हटलं, हो. धडधडीत खोटं.

७ डिसें., रवि.
बाबांना दाखवलं शेवटी. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. अख्खी कॉलनी हसली होती तेव्हा. दर संक्रांतीला स्वतः चालवत पानिपतला जातात, मराठ्यांच्या काला अंब स्मारकाला. शेजारच्या सीटवर आधी आई, ती गेल्यापासून मी. वाकून बघत म्हणाले, "शक्यच नाही. दर मे महिन्यात खालून गंजरोधक कोटिंग करतो मी!"
पुण्याहून दादाचा फोन. भंगारात द्या म्हणे. म्हटलं, तू तुझं बघ, गाडीचं मी बघते. या संक्रांतीला बाबा हीच गाडी चालवणार. बस्स.

१३ डिसें., शनि.
फरीदाबादमध्येच एक गॅरेज मिळालं. वेल्डर: "मैडम, बाहर से चकाचक, अंदर से गल गई है." डावा पत्रा कापून नवा बसवायचा. संक्रांतीपर्यंत? "कोशिश करेंगे." म्हणजे नाही. रोज जाऊन डोक्यावर बसणार आहे त्याच्या.

१६ डिसें., मंगळ.
ऑफिसला दांडी. कापलेला तुकडा घरी आणून खरवडला. खालच्या कडेला पाणी निथळायला भोकं असतात. सगळी कोटिंगनं बुजलेली, आत नुसता चिखल. अरे देवा! मुंबईत राहायचो तेव्हाची सवय ही, पावसाळ्याआधी कोटिंग. इथल्या कोरड्या उन्हातही बाबा गाडीखाली उताणे झोपून ब्रशनं थरावर थर देत राहिले. रविवारी पाइपनं धुवायचे, ते पाणी आतच.
कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर मेमध्ये नव्या पत्र्याचंही तेच.

१७ डिसें., बुध.
चहा देताना सांगून टाकलं.
"म्हणजे मीच सडवली?"
"बाबा, तुम्ही किती जपलंत तिला..."
"विचारलं तेवढं सांग."
हो म्हटलं. जेवले नाहीत धड. स्वयंपाकघरात जाऊन रडले मी. दादाला कळवलं नाही, कळवणारही नाही.

२० डिसें., शनि.
सकाळी बाबा स्वेटर, कानटोपी घालून तयार. "चल, मी पण येतो." डावी बाजू छान झालीय, रंग बाकी. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. "उजवी कुणी तपासली?" कुणीच नाही. खाली पुठ्ठा अंथरून आडवे झाले. गुडघ्यांचं म्हटलं तर, "गप्प बस, टॉर्च धर." मग मीही शेजारी आडवी. बाबांनी पेचकसानं एक भोक मोकळं केलं आणि तपकिरी पाण्याची धार लागली. दुसरं केलं, तिथूनही. बाहीवर, कानटोपीवर सगळीकडे. हलले नाहीत. वेल्डर वरून विचारतोय, ठोककर देखें, बचा है कि नहीं?
"रुको," बाबा म्हणाले. मग मला, हळूच, "आधी पाणी तर संपू दे."