सतरंज्यांची खोली

५ जुलै, मंगळवार
दुपार. गुलमंडीच्या दुकानातून फॉल-पिकोसाठी साड्यांचा गठ्ठा आलाय. मशीन चालवता चालवता डोळा लागतो आणि सुई आपली आपण पुढं जाते. एक आमसुली साडी तर बहुतेक मी झोपेतच शिवली. टाके सरळ आलेत, तेव्हा तक्रार नाही.

मनू पहिलीत जायला लागल्यापासून दुपार फार लांबते. शाळा क्रांती चौकाच्या मागं. वि.नी पसंत केली. (वि. म्हणजे आमचे हे. अख्खं नाव लिहायचा कंटाळा.) भिंत उंच, फाटकावर माणूस, मोठा रस्ता ओलांडायचा नाही. कंपनीसाठी मशीन बघून यावं तसं बघून आले. वर राहणाऱ्या नफीसा आपांची कसोटी याहून सोपी. "बच्ची हँसती जाती, हँसती आती ना? बस. और क्या होना तेरे कू?" मी आपांशी मराठीत बोलते, त्या माझ्याशी दखनीत, आजवर कधी अडलं नाही.

मनू हसत जाते, हसत येते. मग झालं तर.

डब्याचं मात्र नवीन खूळ. लाडू नको. पोळीचा रोल नको. "चपटं दे." बिस्किटं चालतात. चिक्की चालते. थालीपीठ चालतं, पण पातळ पाहिजे. सासूबाईंवर गेली असणार. देवगावला त्यांनाही भाकर कागदासारखी लागते.

८ जुलै, शुक्र.
चार वाजता मनूची शाळा भरली. विद्यार्थी: दोन उशा, एक तक्क्या, आपांकडची एक बाहुली. बाई: मनू. पदर म्हणून माझा टॉवेल. काय तो तोरा! "हाताची घडी, तोंडावर बोट." तक्क्या अभ्यासात हुशार दिसतो, त्याला दोनदा शाब्बास मिळालं.

हिरव्या उशीला मात्र उचललं, जिन्याखालच्या खोलीत ठेवलं आणि कडी लावली. नंतर हात झटकले. मी हसले. फॉल उलटा लागला, उसवला.

१० जुलै, रवि.
आज परत शाळा. परत हिरवी उशी जिन्याखाली. माझं लक्ष आज होतं.

"तिला का गं कोंडलंस?"
"ती नाही, तो. सोपान आहे. रडतो ना सारखा."
"मग?"
"मग गप होईपर्यंत आत. आमच्या शाळेत सतरंज्यांची खोली आहे ना, तिथं."
"तुला ठेवलं कधी आत?"
"मी कशाला रडू?"

इतकं सहज. फळा पुसावा तसे तिनं हात झटकले आणि तक्क्याला बेरजा घालायला गेली. मला तिची भीती वाटली. माझ्याच पोरीची, सहा वर्षांच्या. पोर सुखरूप आहे, खाते-पिते, हसते, आणि महिनाभरात दुसऱ्याला कोंडायला शिकली. हे कुठल्या कसोटीत बसवायचं?

वि.ना सांगितलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आपल्या मनूला तर काय करीत नाहीत ना?" मी चहा त्यांच्यासमोर जरा आपटलाच.

११ जुलै, सोम.
पहाटे स्वप्न. शाळेची भिंत साडीची होती, लांबच लांब, मोरपिशी. वाऱ्यानं हलत होती. मी खाली बसून तिला फॉल लावतेय, आणि भिंतीच्या काठाखालून पोरांची बोटं बाहेर येतायत. मी म्हणते, हात आत घ्या रे, सुई लागेल. कुणी घेत नाही. जाग आली तेव्हा माझी बोटं चादरीत अडकलेली.

दिवसभर कुठंच नव्हते मी. आमटी खारट झाली.

१२ जुलै, मंगळ.
शाळेत गेले. फी कधी भरायची ते विचारायच्या निमित्तानं. चांगला चकाचक व्हरांडा, भिंतीवर ससा, हत्ती, रंगवलेली झाडं. मलाच पहिलीत बसावंसं वाटलं.

सतरंज्यांची खोली अगदी टोकाला. दारं सगळी जुनी, कड्या गंजून तांबड्या झालेल्या. हिची कडी तेवढी चकचकीत. आमच्या मशीनचा दांडा हातानं असाच चकाकलाय. रोजच्या हाताशिवाय लोखंड असं होत नाही. मी कडीला बोट लावून बघितलं.

बाई वाईट नाहीत. घसा बसलेला, एका वर्गात पोरंच पोरं. म्हणाल्या, "अहो, एक रडला की सगळी रडतात. आत जरा शांत होतो. लगेच काढते मी." मग कौतुकानं, "तुमची मनू कधी रडत नाही हं. फार समजूतदार." कौतुक ऐकून आईला बरं वाटायला पाहिजे. मी मोठ्या बाईंची खोली कुठं ते विचारलं.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. "तुमच्या मुलीला काही झालंय का?" नाही. "मग ज्यांचा मुलगा आहे ते येतील ना." आणि वर "बघू" म्हणाल्या. हे "बघू" मला माहितीये. साडी परत घेऊन जाणारं गिऱ्हाईक असंच म्हणतं.

१३ जुलै, बुध.
सुटताना फाटकावर सोपानच्या आईला गाठलं. हे लोक सासूबाईंच्या देवगाव रंगारीकडचेच निघाले, यंदाच शहरात आलेत. ती बांधकामावर जाते, हाताला सिमेंट तसंच. सोपान तिच्या लुगड्यात तोंड घालून उभा. डोळे हे एवढे. पोराला शेत सुटल्याचं दुःख आहे, रडेल नाही तर काय करेल?

सांगितलं तिला सगळं. ती शांतपणे म्हणाली, "व्हय, सांगत व्हता त्यो. मला वाटलं शाळंची रीतच आसंल. शिकलेली मान्सं हाईत, उगं करतील व्हय?"
"रीत नाही हो ही."
"नाय?" बराच वेळ पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग मीच कोंडू दिलं की माज्या लेकराला."

मला रस्त्यातच रडू आलं. तिला म्हटलं, माझ्यासोबत चला मोठ्या बाईंकडं. शनिवारी तिला खाडा चालतो. "तुमी बोला ताई, मी नुस्ती हुबी ऱ्हाते." उभं राहिलं तरी पुष्कळ आहे.

१४ जुलै, गुरु.
वि.नी दुसरी शाळा बघितली. खरंच, शिफ्टवरून आल्या आल्या गेले होते. मनापासून लागलंय तर त्यांना, बोलत नाहीत एवढंच. तिथं एक जागा आहे, शनिवारपर्यंत कळवायचं. या वेळी त्यांनी कड्यासुद्धा बघितल्या! "सगळ्या गंजलेल्या हायेत," असं काही ऐटीत सांगितलं की मला हसू आलं.

"काढू तिला तिथून," म्हणाले. "तिथं राहिली तर दगड होईल पोरगी."
मी हो म्हटलं. मलाही तेच वाटतं. रात्री ती झोपली की चेहरा बघत बसते. गालाला बिस्किटाचा चुरा. ही कशी दगड होईल? पण हात झटकते तेही हिचेच.

आपांना सांगितलं. "हँसती आती बोलके मैंच बोली थी ना तेरे कू," म्हणाल्या आणि खाली मान घालून तांदूळ निवडत बसल्या.

१५ जुलै, शुक्र.
दुपारी मशीन बंद ठेवलं. मनू म्हणाली, "आई, आज तू सोपान हो."

झाले. जिन्याखाली वाकून आत बसले. रॉकेलचा, जुन्या चिंध्यांचा वास. तिनं दार लावलं, कडी घातली, हात झटकल्याचा आवाज आला. अंधार कोमट होता. वर आपांच्या कुकरची शिट्टी झाली, कुठल्या तरी दुसऱ्याच गावात झाल्यासारखी.

"रड ना गं."
खोटं खोटं रडू लागले. मग त्यातलं खोटं कधी गेलं ते कळलं नाही. गुडघ्यात तोंड घातलं. बाहेर बाई तक्क्याला, बाहुलीला शिकवत होत्या. मग, "चला, मधली सुट्टी!" सगळं शांत. वाटलं, गेली खेळायला. विसरली मला.

दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत काहीतरी काळं येऊन बसलं. मनूची मांडी. मग फटीतून बिस्किट आलं. मध्येच अडलं. तिनं फूटपट्टीनं सरकवलं, सवयीच्या हातानं.

"सोपान, ए. घे. हळू खा, आवाज नको करू." आणि मग अगदी त्याच्यासारखं बोलून, "रडू नगं. मी हितंच हाय. बाई आल्या की सांगते तुला."

मी बिस्किट उचललं. चपटं दे, चपटं दे. लाडू त्या फटीतून कसा जाणार होता?

"तू रोज इथं बसतेस?" मी आतून विचारलं.
"सोपान असं नाही बोलत," बाहेरून आवाज आला. "तू खा."

बिस्किटाला धूळ लागली होती. खाल्लं.

आता संध्याकाळ. वि. येतील. उद्या सकाळी सोपानची आई फाटकाशी उभी असेल आणि उद्याच दुसऱ्या शाळेला कळवायचं आहे. काढलं तर त्या दाराशी कोण बसेल? आणि ठेवलं तर माझं पोर रोज मधल्या सुट्टीत न खेळता फरशीवर बसेल, आणि मी इथं फॉल लावत बसायचं. वि.ना काय सांगू? मोठ्या बाईंनी कडी काढली तर दोन्ही सुटतात. काढतील? बघू, म्हणाल्या होत्या.

डबा घासून ठेवला. उद्या थालीपीठ लावू का, म्हटलं मनूला.
"लाव," म्हणाली, "पण पातळ."