गाडीचे बुश आणि हिची पाठ

३ फेब्रुवारी

पुन्हा तोच आवाज! गतिरोधकावरून उतरलं की पुढून खड्-खड्. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने चाक उचललं, पहार घालून हलवून बघितलं. "काका, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश गेले. रबर उरलंच नाही, लोखंडावर लोखंड आपटतंय." मग म्हणाला, "या वयात कशाला त्रास घेता?" गाडीचं वय म्हणत होता की माझं, कळलं नाही.

काम त्याला दिलं नाही. नवे बुश आणले. घरीच करीन. वेळच वेळ आहे.

४ फेब्रुवारी

हिला फोन. लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. नातू रांगायलाही लागला. या गाडीत शेवटची बसली ती स्टेशनवर जाताना – कमरेला उशी लावून, खड्ड्या-खड्ड्याला "आई गं!" करत. माझं आपलं पक्कं झालंय – गाडी मऊ झाली की ही येईल. बोललो नाही तसं.

मागे नातवाचं रडणं, भांड्यांचा आवाज. "ठेवते हं, दूध उतू जातंय."

माझ्याकडे काही उतू जात नाही.

७ फेब्रुवारी

दिवसभरात एका माणसाशी बोललो नाही. आर्मच्या नटाशी बोललो. "निघ की रे बाबा!" गंजून बसलाय. तेल सोडलं, पान्याला पाइप लावला, त्यावर उभा राहिलो. ढिम्म!

८ फेब्रुवारी

निघाला! केवढ्यांदा ओरडलो. मग आजूबाजूला बघितलं. कुणीच नव्हतं.

१० फेब्रुवारी

आर्म काढून स्वयंपाकघरात आणला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवला. ही असती तर आर्मसकट मला बाहेर काढलं असतं!

जुन्या बुशचं रबर नखाने निघतं. बाहेरचं पोलादी कडं मात्र हटेना. करवतीने चीर पाडली, जपून, आर्मला दात लागू न देता. मग आलं. नवे बुश फ्रीजरमध्ये ठेवलेत. गार झाले की जरा आकसतात. जागा करावी लागली नाही. फ्रीजरमध्ये दुसरं काही नव्हतंच.

११ फेब्रुवारी

ठोकून बसेना. शेवटी आरपार लांब बोल्ट घातला, दोन्हीकडे जाड वायसर, साबणाचं पाणी. नट आवळत गेलो तसा बुश सूतसूत आत सरकला. खट् करून बसला! हिला सांगावंसं वाटलं. पण ही वेळ बाळाच्या झोपेची.

१४ फेब्रुवारी

दुसरी बाजूही झाली. शेवटचा नट आवळून अंग झटकतोय तोच मिस्त्री दारात.

"सगळं हवेतच आवळलंत?"

"मग कुठे आवळू?"

"अहो काका! चाक लोंबत असताना आवळलं की बुश तसाच पकडतो. गाडी खाली टेकली की रबर पिळवटतं, लगेच फाटतं. ढिलं करा. भार येऊ द्या, मग आवळा."

पुन्हा सगळं ढिलं! गाडी टेकवून आवळेपर्यंत थांबला बिचारा. चहा केला. दुसरा कप शोधावा लागला, मागे गेला होता कुठेतरी.

"काकू कधी येणार?"

"येईल आता."

१६ फेब्रुवारी

चक्कर मारली. आवाज नाही. मुद्दाम खड्डे शोधून घातली – लोण्यातून सुरी! घरात शिरल्या शिरल्या फोन लावला. "न्यायला येतो. पाठीला आता धक्का लागायचा नाही."

हळूच म्हणाली – "अहो, पाठीचं काही नव्हतं. मला त्या घरात परत यायचं नाहीये."

फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही ऑफिसात, लेक शाळेत, मग कॉलेजात, मग सासरी. मी भिंतींशी बोलायचे. इथे सारखं कुणीतरी हाक मारतं मला."

"माझ्याशी बोलायचीस की."

"कधी?"

१७ फेब्रुवारी

गाडी धुतली. धुवायला झाली नव्हती.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, आई रडत होती. कधी येताय?"

"कशाला? यायचं नाही म्हणाली ना ती."

"तिकडे यायचं नाही म्हणाली. तुम्ही इकडे येऊ नका असं कुठे म्हणाली?"

फोन ठेवला. मग बॅग काढली माळ्यावरून.

२ मार्च

गाडी विकली. लेकीच्या बिल्डिंगखाली लावायला जागाच नाही. घेणाऱ्याने चक्कर मारली. "एवढी मऊ चालते, तरी विकताय?" म्हटलं, हो. किल्ली दिली आणि बॅग घेऊन स्टेशनकडे चालत निघालो. वाटेतच हिचा फोन – "अहो, आहात कुठे? केव्हाची वाट बघतेय!"