बोलायच्या मॅडमची खोली

शुक्रवार, ता. २१ नोव्हेंबर २०२५

चि. सुकन्यास साखराबाईचा आशीर्वाद. सासू म्हणून दिलेले आशीर्वाद तुला काय लई लाभले न्हाईत, म्हणून हा नुसता बाईनं बाईला दिलेला. ठेवून घे.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नको, कोणी मेलं न्हाई. छबुबाईची लेक धारूरला दिलीय, ती तिकडं यायली, तिच्या हातानं पाठवते. तिला बजावलंय, वाटंत उघडलंस तर मागच्या जत्रंत काय केलतंस ते गल्लीभर सांगंन. म्हणजे पत्र बंदच मिळंल.

फोन केलता मी. तुझ्या मालकानं उचलला. मी नाव सांगितलं की "राँग नंबर" म्हणले. पण लई अदबीनं म्हणले. तुलाबी असंच अदबीनं बोलत असतील तर बरं हाय.

इकडं ठीक. शेरडं पाच झाली. पांढरी तुझ्यावाणी निघाली, समोर टाकलं तर तोंड फिरवती आणि आपली पाठ वळली की सगळं फस्त. आप्पाराव भावजीला सरपंच व्हायचंय. रोज कडक इस्त्री करून ओट्यावर येतात. मी म्हणते, भावजी, उभेच ऱ्हावा, बसलं की मोडंल.

तुझी लेक संस्कृती चौथीत गेली. उंच झाली. शाळेत जाती. जेवती, थोडं.

इथवर लिहिलं आणि उठून चहा करून आले. पुढचं लिहावं का न्हाई कळंना.

तिच्या कानामागचे केस गेलेत. रुपयाएवढी जागा. मला वाटलं चाई पडली, करंजाचं तेल चोळलं. जागा वाढतच चालली. मग तिच्या बाईंनी बोलावून सांगितलं, वर्गात बसल्या बसल्या स्वतःच एक एक केस उपटती, आणि कोणासंगं बोलत न्हाई. घरी माझ्यासंगं बोलायची, तेबी शेरडापुरतं.

आपल्या सरकारी शाळेत आता दर गुरुवारी बीडवरून मोहिनी मॅडम येतात, पोरांच्या मनातलं ऐकायला. समुपदेशक म्हणतात त्यांना. पोरं बोलायच्या मॅडम म्हणतात. संगणकाच्या खोलीत बसतात, संगणक झाकून ठेवलेत तिथं. पहिल्या दिवशी मी नारळ आणि लिंबू घेऊन गेले. मला वाटलं, बघून सांगणाऱ्या असतील. त्यांनी नारळ माघारी दिला. "आजी, चटणी करा." मग संस्कृतीला विचारलं, कसं वाटतंय? मी म्हणलं, बरं वाटतंय. झोप लागती का? मी म्हणलं, लागती. मॅडम म्हणल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर काढलं ग मला. पायरीवर बसले तर शिपाई शहादेव म्हणतो, "काय मावशी, नापास का?" म्हणलं, "तू तर जन्मभर वर्गाच्या बाहेरच हाईस, गप."

आत काय बोलतात ते सांगत न्हाईत. मी शेंगदाण्याचे लाडू नेऊन बघितले. लाडू खाल्ले आणि म्हणल्या, "तिचं बोलणं तिचं. ती हो म्हणाली तरच सांगीन."

काल हो म्हणली. मला आत बोलावलं. संस्कृती फरशीकडं बघत म्हणली, "पप्पाचा फोटो भिंतीला लावला, हार घातला. आईचा कवा लावणार?"

मला आधी कळलंच न्हाई. सुकन्या, पोरगी समजती तू मेलीस.

तुझ्या दुसऱ्या लग्नाला भावजींनी घरचा कर्ता म्हणून हो म्हणलं ते एका बोलीवर, पोरगी इथं ऱ्हाईल आणि तू या घराचा उंबरा परत चढणार न्हाईस. तवापासून घरात तुझं नाव कोणी घेत न्हाई. माझा लेक अंगद गेला तवाबी सगळे असेच गप झालते. पोरीनं तिच्या मनानं जोडलं.

मी तिथंच म्हणलं, अगं, तुझी आई धारूरला हाय, चांगली पोळ्या लाटायली असंल. तर म्हणती, "आजी, चेष्टा करू नको."

टिंगलीवरच मी रंडकीनं दिवस काढले. आता खरं सांगायले तर पोरगी ऐकंना.

मॅडम म्हणल्या, आईनं यावं, समोर बसावं. लगेच केस येणार न्हाईत, पण सुरुवात तिथून होईल.

तर ऐक. बोली उंबऱ्याची हाय. शाळा भावजीची न्हाई, सरकारची हाय, आणि फाट्यावर हाय. गावात शिरायचं कामच न्हाई. गुरुवारी सकाळची गाडी धर, मांजरसुंब्याला उतर, तिथून ऑटो मिळतो. मालकालाबी आण. मी त्यांना राँग नंबर म्हणूनच हाक मारंन, तेवढं सोसा म्हणावं. भावजी आडवे आले तर मी हाय पायरीवर. त्या इस्त्रीवर चहा सांडायचं लई दिवसांपासून मनात हाय.

आता एक राहिलं, ते लिहून टाकते.

तुला बघितलं की ती तुझ्यासंगं येते म्हणंल. झोपेत तिचा पाय माझ्या पोटावर असतो. त्या पायाच्या वजनावर मला झोप लागती. मॅडमला मी चेष्टेतच विचारलं, म्हातारीसाठी एखादा गुरुवार हाय का म्हणलं. त्या हसल्या न्हाईत. माझा हात धरला. मीच सोडवून घेतला, म्हणलं, शेरडं सोडायचीत.

येऊ नको असं लिहावं, असं हे लिहिताना कितीदा वाटलं. ये.

येते म्हणली तर घेऊन जा, भावजीच्या बोलीचं मी बघून घेते. तिचे फ्राक धुऊन घडी घालून ठेवलेत. डोक्याला तेल हळू लाव, कानामागं हात नेला की दचकती. आणि तिला खोटं काय सांगू नको. आजी मागून येती, असंबी न्हाई. म्हणावं, आजी तिच्या घरी हाय. एकटी हाय. जिती हाय.

संस्कृतीची आजी,
साखराबाई