‘चालेल’ या शब्दाचा अर्थ नकार असा नोंदवून घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सर्व विद्याशाखा संशोधन संस्था,
मुख्य इमारत, पहिला मजला.

अर्जदार : सुतारमिस्त्रींची पत्नी, राहणार सुतारखान्यामागची खोली.

विषय : रुग्ण मिस्त्री यांच्या तोंडी उरलेला ‘चालेल’ हा एकमेव शब्द संमती न धरता नकार धरावा आणि येत्या सोमवारी सकाळी ठरलेली त्यांच्या मेंदूची शस्त्रक्रिया रद्द करावी.

संदर्भ : १) याच विषयावरील अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर आपण स्वहस्ते मारलेला शेरा.

महोदय,

अर्जदार ही हळू बोलणारी बाई असून तिचे म्हणणे शेजारणीलाही कान पुढे केल्याशिवाय ऐकू येत नाही. शिवाय आपण भेटता ते सकाळी, आणि सकाळी तिचे मौन असते. सबब तिचे म्हणणे लेखी मांडण्यात येत आहे.

१. अर्जदाराचे पती गेल्या वर्षी रंधा मारता मारता कामाच्या फळीवरच आडवे झाले. शुद्धीवर आले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि सगळी भाषा पुसली जाऊन ‘चालेल’ एवढा एकच शब्द मागे उरला होता. ऐकलेले त्यांना सगळे समजते. कोण खरे बोलतो आणि कोण गोड बोलतो हेही समजते. बाहेर पडायला मात्र दार एकच राहिले आहे.

२. त्याच आठवड्यात अर्जदाराने देवापुढे दिवा लावून व्रत घेतले, की मिस्त्रींची वाचा परत येईपर्यंत रोज उजाडल्यापासून दुपारी बारापर्यंत ती एक शब्दही बोलणार नाही. तिची भाबडी समजूत अशी, की तिने न वापरलेले शब्द वाया जात नसावेत; देव ते उचलून मिस्त्रींच्या तोंडात घालील. हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही, असे तिला आपल्या संस्थेतील सर्व विभागांनी आपापल्या परीने समजावून झाले आहे.

३. बोलण्याचा सराव मिळेल या आशेने मिस्त्रींना आपल्या भाषा विभागात नेण्यात आले. खोली चांगली आहे. मध्ये काचेची भिंत, अलीकडे नातेवाइकांसाठी बाक, पलीकडे टेबल, चित्रांचे पत्ते आणि बोलणे टिपणारे यंत्र. विभागाच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा अर्जदाराला वाटले की माणसे देवाने धाडलेली आहेत. पुढे वेळापत्रक ठरवताना याच बाई सहकाऱ्याला म्हणाल्या ते तिने बाकावर बसून ऐकले : “सकाळचीच वेळ ठेवा. नवरा सगळ्याला हो म्हणतो आणि बायको काहीच म्हणत नाही. असं जोडपं शोधून सापडायचं नाही.” यावर सगळे हसले. मिस्त्रीही हसले, कारण हसणे त्यांचे शाबूत आहे.

४. शब्द कोणत्या क्षणी बदलतो हे पाहण्यासाठी मिस्त्रींचा चांगला, म्हणजे डावा हात बर्फाच्या पाण्यात ठेवण्यात आला आणि “अजून ठेवू का?” असे विचारण्यात आले. मिस्त्री म्हणाले, “चालेल.” पुन्हा विचारले, पुन्हा तेच. बोटे आधी लाल झाली, मग पांढरी, मग नखांखाली निळसर. प्रत्येक वेळी मिस्त्री काचेकडे बघून ‘चालेल’ म्हणत होते आणि प्रत्येक वेळी बाई कागदावर खूण करत होत्या. अर्जदाराने काचेवर थापा मारल्या. पिशवीतल्या कागदावर ‘पुरे करा’ असे लिहून तो काचेला लावला. नंतर तिला कळले, की अहवालात याची नोंद ‘काचेपलीकडून व्यत्यय’ अशी आहे. त्या हाताने मिस्त्री आजही पेला नीट धरू शकत नाहीत. तेवढाच हात उरला होता.

५. हे बेकायदा तर नव्हे, अशी शंका आपल्या मेंदू विभागाच्या डॉक्टरांना आली. म्हणून विधी विभागाचे मत मागवले गेले. विधीच्या प्राध्यापकांनी मिस्त्रींना समोर बसवून प्रश्न विचारले आणि शोधनिबंध लिहिला, की रुग्णाचा शब्द स्पष्ट, तत्पर व प्रसंगाला धरून असल्याने ती पूर्ण संमती होय. त्याच सुमारास भाषेच्या बाईंचाही निबंध आला, की रुग्णाच्या तोंडचा हा शब्द खोकल्यासारखा निरर्थक आवाज आहे. दोन्ही निबंध आपल्या संस्थेच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात पाठीला पाठ लावून छापले आहेत. अर्जदाराने दुपारी बारा वाजून गेल्यावर विधीच्या प्राध्यापकांना गाठले आणि विचारले, की शब्द रिकामा असेल तर संमती कुठून आली, आणि भरलेला असेल तर आजार कसला? प्राध्यापक सज्जन आहेत, चष्मा पुसत पुसत त्यांनी उत्तर दिले : “बाई, विज्ञानात तो रिकामा आहे आणि कायद्यात भरलेला आहे. दोन्ही विभाग वेगळ्या मजल्यांवर आहेत.”

६. साहित्य विभागाने तर मिस्त्रींना व्यासपीठावर नेले. त्यांच्या चाकाच्या खुर्चीला फुले लावली होती. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितले की ‘चालेल’ ही एका शब्दाची कविता असून तीत जीवनाचा संपूर्ण स्वीकार आहे. मग ध्वनिवर्धक मिस्त्रींच्या तोंडाशी धरून विचारले, “आमचं हे कौतुक तुम्हाला कसं वाटतं?” मिस्त्री ‘चालेल’ म्हणाले आणि सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी आयुष्यात वाकडा खिळासुद्धा स्वीकारलेला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची विजार ओली झाली होती, हे पहिल्या रांगेतल्यांना दिसत होते. स्वीकारात तेही आले असावे.

७. वर्षाअखेरचा संयुक्त अहवाल निघाला. त्यात सुधारणा न होण्याचे कारण असे दिले आहे, की रुग्णाच्या पत्नीने सकाळच्या वेळी मौन पाळून त्यास भाषेपासून वंचित ठेवले. अहवालाची प्रत नणंदबाईंच्या हाती पडली. त्या मोठ्याने वाचून झाल्यावर एवढेच म्हणाल्या : “वहिनी, दादाची वाचा दुसऱ्या कुणी नाही, तुझ्या व्रतानं खाल्ली.” तेव्हापासून त्या या घरी पाणी पीत नाहीत. अर्जदाराची तक्रार नणंदबाईंबद्दल नाही. छापलेले वाचले की माणसाला ते खरे वाटते.

८. आता मूळ मुद्दा. सुतारखान्यात वखारीतून लाकूड यायचे, तेव्हा फळी मनासारखी असली तर मिस्त्री तिच्यावरून तळवा फिरवत आणि न बोलता आत घेत. फळीला गाठ असली, पीळ असला, तर तिच्यावर पेन्सिलीने ‘चालेल’ असे लिहून ती दाराबाहेर भिंतीला टेकवत. वखारवाले काका वयाने मोठे. त्यांना तोंडावर नको म्हणणे मिस्त्रींना जमत नसे. कारागिरांना, काकांना, सगळ्यांना ठाऊक होते की मिस्त्री ‘चालेल’ म्हणाले म्हणजे माल परत. घरीही तेच. आमटीला ‘चालेल’ म्हणाले की अर्जदार मुकाट्याने पातेले पुन्हा चुलीवर चढवी. लग्नाच्या आधी त्यांना एक स्थळ दाखवले, त्याला ते ‘चालेल’ म्हणाले आणि सासूबाई तिथूनच माघारी फिरल्या. अर्जदाराच्या घरी आले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. बसले होते त्या खुर्चीचा डुगडुगता पाय तेवढा नीट बसवून उठले. त्यावरून सासूबाईंनी तारीख काढली.

थोडक्यात, हवे असेल तिथे मिस्त्री आजही बोलत नाहीत. पाणी, उशी, अर्जदाराचा हात, जे हवे ते डाव्या हाताने ओढून घेतात. नको असेल तिथेच बोलतात. देवाने त्यांना एकच शब्द ठेवला आणि तो नकाराचा ठेवला. एवढ्या विद्वानांनी वर्षभर तो यंत्रावर टिपला, मोजला, छापला, आणि मिस्त्री वर्षभर नको नको म्हणत राहिले.

९. हे सगळे अर्जदाराने पहिल्या अर्जात लिहून, शस्त्रक्रियेला हरकत घेतली होती. त्यावर आपण एका शब्दाचा शेरा मारलात : ‘चालेल.’ आवकच्या लिपिकबाईंनी त्याचा अर्थ हरकत मान्य असा घेतला आणि अर्जदाराचे अभिनंदन केले. मेंदू विभागाने शस्त्रक्रिया मान्य असा घेतला आणि तारीख लावली. पुन्हा विधीच्या प्राध्यापकांकडे जावे लागले. त्यांनी फाईल उलटसुलट पाहून निर्वाळा दिला, की शेरा फाईलच्या शीर्षकाला धरून वाचायचा असतो. फाईलवर ‘शस्त्रक्रिया’ लिहिले आहे, ‘हरकत’ नाही. म्हणजे आपल्यालाही, महोदय, काय म्हणायचे होते ते कुणी विचारायला आले नाही. या बाबतीत आपण आणि मिस्त्री एका पंगतीला बसला आहात.

१०. शस्त्रक्रिया कशासाठी, हेही नमूद करणे भाग आहे. मेंदूच्या डॉक्टरांचे म्हणणे, तो एक शब्द झाकणासारखा बसला आहे. तो काढला तर खालचे शब्द वर येतात का ते पाहायचे. खाली काही नसले तर, असे अर्जदाराने विचारले. डॉक्टर म्हणाले, “मग तेही कळेल. नकारार्थी निष्कर्षसुद्धा निष्कर्षच असतो.” त्यांनी मिस्त्रींच्या कानाशी वाकून हे सर्व वाचून दाखवले, शेवटी चालेल ना म्हणून विचारले, मिस्त्री बोलले, आणि ज्या अंगठ्याला आता स्पर्शही कळत नाही तो उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवण्यात आला. अर्जदार रोजच्या जपात सर्वांचे भले मागते. अलीकडे मेंदूच्या डॉक्टरांची पाळी आली की माळ अडखळते, हे ती देवापासून लपवत नाही, म्हणून आपल्यापासूनही लपवत नाही.

११. सबब विनंती, की

(अ) सोमवारची शस्त्रक्रिया रद्द करावी आणि मिस्त्रींना त्यांच्या एका शब्दासह घरी पाठवावे.

(आ) हे शक्य नसल्यास, आणि शब्द काढून पाहणे विज्ञानाच्या दृष्टीने अटळच असल्यास, तो अर्जदाराच्या डोक्यातून काढावा. तिथे शब्द भरपूर आहेत आणि अर्धा दिवस ते तसेही वापरात नसतात. कोणता काढायचा याची निवड विभागाने करावी. देवाचे नाव आणि मिस्त्रींना मारायची हाक एवढे दोन वगळावेत. अर्जदाराची संमती खरी आहे आणि ती सहीनिशी दिली आहे.

(इ) या अर्जावर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीही लिहावे. ‘चालेल’ असे कृपा करून लिहू नये.

१२. काल दुपारी अर्जदाराने मिस्त्रींना स्वतः विचारले, की सोमवारी जायचे का? त्यांनी तिच्याकडे बघून तो शब्द उच्चारला, अगदी गाठीच्या फळीला म्हणावा तसा. मग ती उठून भांडी घासू लागली, आणि घासता घासता तिला आठवले, की तिने व्रत घेतल्याचे सांगितले तेव्हाही मिस्त्री ‘चालेल’ म्हणाले होते. म्हणजे तिचे मौन वर्षभर त्यांच्या हरकतीविरुद्ध चालू होते. ते आजपासून बंद करण्यात येत आहे. व्रत मोडल्यावर वाचा परत येण्याची आशाही संपली, असे अर्जदार मानते. दोन्ही ठेवता येत नाही म्हणून असलेला शब्द तेवढा राखायचे तिने ठरवले आहे. उत्तर न मिळाल्यास सोमवारी उजाडल्यापासून ती शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात उभी राहून बोलेल. आवाज लहान आहे. जवळून जाणाऱ्यांनी थोडे थांबावे, एवढी सूचना कर्मचाऱ्यांना द्यावी.

आपली नम्र, आणि यापुढे सकाळीही बोलणारी,

(सही)
मिस्त्रींची पत्नी

शुक्रवार, कार्यालय उघडताच.

सोबत :
१) पहिल्या अर्जाची प्रत, आपल्या शेऱ्यासह.
२) गाठ असलेली एक फळी, मिस्त्रींच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने ‘चालेल’ लिहिलेली. वखारीला परत जायची राहून गेली होती. पुरावा म्हणून पाहून परत करावी.

(कार्यालयीन उपयोगासाठी)

आवक लिपिक : अर्ज मिळाला. बाई स्वतः येऊन बरेच काही बोलल्या. काउंटरवर गर्दी असल्याने ऐकू आले नाही. अर्ज मंगळवारच्या बैठकीपुढे ठेवते. फळी फाईलला लावता येत नाही. आवकच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ती नेमकी बसते. तूर्त तिथे ठेवू का?

संचालक : दोन्ही चालेल.