तिसऱ्या कडव्याला उभं राहणं

रविवार, ता. ९

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

आज सकाळी प्रार्थनाघरात मी बसून राहिलो. तिसऱ्या कडव्याला सगळे उठले, मी उठलो नाही. शेजारच्या शिंप्याने कोपराने ढोसलं. त्याला वाटलं, मला डुलकी लागली. घरी येताना सौ.ने तब्येत विचारली. तिला काय सांगू? तब्येत ठणठणीत आहे, बिनसलंय ते दुसरंच.

आपल्या मंडळींचं हे पहिलं प्रार्थनाघर यंदा शंभरीत येतंय, आणि त्याचा इतिहास सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. का, तर मी पुस्तकं बांधतो, तेव्हा आतलंही मला कळतच असणार! गावच्या शाळेत मी काय दिवे लावले, ते तुला ठाऊक आहे. पण काम घेतलं आणि गोडी लागली. प्रार्थनेची जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवायला माझ्याकडेच येतात. त्यांतल्या सगळ्यांत जुन्यांत तिसऱ्या कडव्यापाशी ‘उभे राहावे’ असं छापलेलंच नाही. ते मागाहून आलं. का आलं, हे विचारायला इस्त्रीवाल्या आजींकडे गेलो. आपल्यात त्यांच्याहून वयाने मोठं कोणी उरलेलं नाही. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, अरे, नेमका तेव्हाच कारखान्याचा भोंगा व्हायचा. पाळी सुटलेली माणसं धावत यायची, बाक अपुरे. मग आम्ही उठून सरकायचो, त्यांना जागा करून द्यायचो. पुढे कारखाना बंद पडला, उठणं राहिलं, आणि नव्या पुस्तकात कोणीतरी ते छापून टाकलं.

आक्का, आई काय सांगायची? या कडव्याला देव दारातून आत येतो. बसून राहिलास तर तुला ओलांडून पुढे जाईल. इतकी वर्षं त्या कडव्याला माझ्या अंगावर काटा आला, आणि निघाला काय, तर भोंगा! देवावरचा विश्वास उडाला असं नाही, पण पाय उठत नाहीत. पुढच्या रविवारी बोलायचंय. सांगितलं तर म्हातारी माणसं दुखावतील. लपवलं तर देवाच्याच घरात खोटं बोलल्यासारखं होईल. इकडे आड, तिकडे विहीर. तूच काय ते सांग.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

बुधवार, ता. १२

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसावा लागला. तुला पुस्तकं शिवायला देतात, वाचायला कोणी सांगितलं होतं? लहानपणी चालतं घड्याळ उघडून बसायचास, तीच खोड!

आता माझं ऐक. थंडी बाधते म्हणून मी प्रार्थनेला जात नाही, असं तुम्हाला लिहीत आले. थंडी कसली! गुडघे गेलेत. तुमच्याकडची रीत छापून आमच्या प्रार्थनाघरातही आली, आणि तिसऱ्या कडव्याला मला उठवत नाही. बसून राहावं, तर आईचे शब्द कानात. देव आपल्याला ओलांडून जाताना पाहण्यापेक्षा घरीच बसलेलं बरं, असं ठरवून टाकलं. तुझे भावोजी समजावून थकले. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणतात, नवरा सांगतो ते वारा, भाऊ सांगतो ते खरं!

आई चुकली नव्हती रे. दारातून कोणीतरी येतच होतं, दमूनभागून, कामावरच्या कपड्यांत. त्याला बसायला जागा दिली. यात खोटं काय निघालं? तू भोंगा धरून बसलास आणि माणसं विसरलास.

येत्या रविवारी मी जाणार. बसूनच म्हणेन, आणि शेजारी जागा ठेवीन. तू मात्र तोंड उघड. माझ्यासारख्या आणखी किती जणी घरी बसल्यात, कोणास ठाऊक.

सौ.ला आशीर्वाद. वेळेवर जेव. उत्तराला उशीर केलास तर तिथे येऊन कान धरीन. माया आहे म्हणून धरीन, हे लक्षात ठेव.

तुझी आक्का

सोमवार, ता. १७

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

कान वाचवायला लगेच लिहितो आहे. जीव भांड्यात पडला.

बोललो. भोंग्याचं सांगितलं. पहिल्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर भुवया चढवून बसलेले. त्यांना सारेच दबकून असतात. म्हटलं, आता आपली खैर नाही. तेवढ्यात इस्त्रीवाल्या आजींनी बसल्या जागेवरून भोंग्याचा आवाज काढला, चांगला लांबलचक! आधी पोरं हसली, मग पोस्टमास्तर. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांचे वडील त्याच पाळीचे फिटर होते. त्यांना दर रविवारी जागा कोण देत होतं, ते आज कळलं.

तुझं नाव न घेता गुडघ्यांचंही सांगितलं. मागच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पाय लांब केले.

शेवटी प्रार्थना सुरू झाली. दार करकरलं. आमचा बेकरीवाला, नेहमीसारखा उशिरा, हाताला पीठ लागलेलं. भट्टी आवरून येतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. इतकी वर्षं पाहत होतो, पण त्याला बाकावर जागाच नसते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिसरं कडवं आलं. मी उठलो, आक्का. तोच जुना काटा आला अंगावर. मग शिंप्याला कोपराने ढोसून पुढे सरकवलं, आणि बेकरीवाल्याला हाताने खुणावून माझ्या शेजारी बसवलं.

तुझ्या शेजारी कोण बसलं, ते कळव.

तुझा धाकटा