हातून झालेली चूक

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

नर्सची नोकरी मिळाली! अजून खरं वाटत नाही.

मेट्रनबाईंनी विचारलं, "तुमच्या हातून कधी चूक झालीय?" वडिलांनी, नानांनी, घरी पढवलं होतं, 'नाही' म्हणायचं. पण मी खरं तेच सांगून बसले. आधीच्या दवाखान्यात एका पेशंटचं सलाईन दुसरीला लावलं होतं.

"कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्याच. लगेच काढलं आणि स्वतःच डॉक्टरांना सांगितलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. का सांगितलं मी?

मग हसल्या. "सकाळपासून अकरा जणी आल्या. एकीच्याही हातून कधी चूक झालेली नाही म्हणे. सोमवारी रुजू व्हा."

शिंदखेड्याला घरी फोन केला; नोकरी मिळाली, पण बाईंना सगळं सांगून टाकलं, असं कळवलं. नाना ओरडले, "बठ्ठं सांगी टाकं? येडी शेस तू!" आणि फोन न ठेवताच आईला हाक मारली, "अवं, आपली पोर नोकरीले लागनी!"