उत्तनला आलेला मेंढपाळ

आये, तू गेलीस त्या वयाहून आता मी मोठी झाले, तरी एक भांडण जिंकूनही चैन पडेना म्हणून तुलाच लिहायला बसले. चर्चमध्ये वाचण्यासाठी एक जुनं स्तोत्र आपल्या बोलीत करायचं काम माझ्याकडे आलं. देव मेंढपाळ, आपण त्याची मेंढरं, असं ते स्तोत्र. उत्तनला मेंढरं कुठली! मी मेंढपाळाचा होडी हाकणारा तांडेल केला, कुरणाची शांत खाडी केली. फादर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. चाचरत म्हणाले, "मिस, मूळचा मेंढपाळ कुठे गेला?" "आधी गावात एक मेंढरू दाखवा, मग बोला," मी म्हणाले. चर्चमध्ये जमलेल्या बायका खो खो हसल्या. रविवारी तांडेलच वाचायचा, असं ठरलं.

आज सकाळी शहाळं सोलताना तू आठवलीस, माझ्या शाळेच्या दिवसांतली ती दुपार आठवली. भाईंदरची ती जैन बाई आपल्या दारात उभी आहे, बस बंद पडलेली, उन्हाने चेहरा लाल. अंगणात बोंबील वाळताहेत. माठातलं पाणी ती हात जोडून नाकारते, पदर नाकाला लावते, आणि कॉन्व्हेंटात शिकणारी मी फणकारते, "आमचं पाणी चालत नाही, मग सावली बरी चालते!" तू माझ्याकडे बघतही नाहीस. बोंबील जागचे हलवत नाहीस. फक्त बाकडं वारा येतो त्या बाजूला ओढतेस. घरातला कोयता सापडत नाही, तर शेजारून आणतेस. तिच्यासमोर शहाळं सोलून तिच्या हातात देतेस, आपलं एकही भांडं न लागलेलं. "बहुत मीठा है, बेन," ती म्हणते. मग माझ्याकडे वळून तू हळूच म्हणतेस, "पावनी हाय ती. तिला आपल्यासारकी कराया न्हाय बसवली."

आणि त्या स्तोत्राचं मी काय केलं? इतक्या लांबून, इतक्या शतकांमागून आलेल्या पाहुण्याचे कपडे दारातच उतरवले, त्याला कोळ्याचा रुमाल नेसवला आणि पुढ्यात बोंबील वाढले. दुपारभर बसून सगळं पुन्हा लिहिलं. बोली आपलीच, हाय-न्हायसकट; पण आत मेंढपाळ बसलाय. त्याने आपला समुद्र पाहिलेला नाही, आपण त्याची मेंढरं पाहिलेली नाहीत, आणि तरी तो आपल्या अंगणात तुझ्या शब्दांत बोलतोय. मोठ्याने वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

उद्या फादरांना सांगायचंय, चूक माझी होती. असं मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सरावासाठी आधी तुला सांगते: त्या दिवशी कोयता मीच लपवला होता, तांदळाच्या डब्यात.